उत्तर न देणारा दगड

विमानांची एकमेकांशी टक्कर होऊ नये म्हणून मोठ्या प्रवासी विमानांत एक यंत्रणा बसवलेली असते. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला टीकॅस म्हणतात. दुसरे विमान फार जवळ येऊ लागले की ती वैमानिकाला आधी सावध करते आणि तरीही अंतर कमी होत राहिले तर 'वर चढा' किंवा 'खाली या' असे चक्क बोलून सांगते. मग समोरून उल्का आली तर तिला ती कळेल का?

वर्गात हा प्रश्न आला तर 'कळेल की, रडारच आहे ते' असे सांगून पुढच्या धड्याकडे वळण्याचा मोह होतो. उत्तर मात्र 'नाही' असे आहे. ते तसे का आहे हे समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागते, कारण एके काळी रेडिओलहरींना उल्का दिसत होत्या. इतक्या दिसत होत्या, की लष्करी अधिकाऱ्यांना त्यांचा उपद्रव वाटे.

शहाडच्या आकाशात या प्रश्नातल्या दोन्ही गोष्टी एकत्र सहसा दिसत नाहीत. मुंबईकडे उतरत जाणाऱ्या विमानांचे दिवे कल्याण-शहाड परिसरातून संध्याकाळी सहज दिसतात. उल्का मात्र कारखान्यांच्या आणि रस्त्यांच्या उजेडात बुडून जातात. त्या पाहायच्या तर कर्जतच्या मार्गावर वांगणीसारख्या ठिकाणी रात्र काढावी लागते, आणि मुंबई-ठाण्याचे हौशी आकाशनिरीक्षक वर्षानुवर्षे तेच करत आले आहेत. पण शहाडला रेल्वे आहे, आणि टीकॅस समजावून द्यायला विमानापेक्षा रेल्वेचाच उपयोग जास्त होतो.

रेल्वेच्या जुन्या पद्धतीत स्टेशनमास्तर गाडी सोडण्यापूर्वी पुढच्या स्थानकाला विचारत असे, 'लाइन क्लिअर आहे का?' तिकडून होकार आला की सिग्नल पडे. या पद्धतीत स्टेशनमास्तर पुढचा रूळ डोळ्यांनी पाहत नव्हता. तो विचारत होता आणि उत्तर ऐकत होता. गाड्यांपुरती ही व्यवस्था चोख होती. पण कसारा घाटात पावसाळ्यात दरड कोसळते ती काही लाइन क्लिअर विचारून कोसळत नाही. म्हणून तर घाटात पावसाळाभर गस्तीची माणसे ठेवावी लागतात.

टीकॅसचे काम असेच चालते. विमान १०३० मेगाहर्ट्‌झ या वारंवारतेवर प्रश्न पाठवते, 'कोण आहे? किती उंचीवर आहात?' आसपासच्या विमानांतील ट्रान्सपाँडर नावाची पेटी त्याला १०९० मेगाहर्ट्‌झवर उत्तर देते. उत्तर यायला किती वेळ लागला यावरून अंतर निघते. उंची मात्र मोजली जात नाही. ती समोरचे विमान स्वतःच्या उंचीमापकावरून सांगते. येथे एक बारकावा विद्यार्थ्यांच्या नजरेस जरूर आणून द्यावा. प्रश्न एका वारंवारतेवर जातो आणि कान दुसऱ्या वारंवारतेला लावलेला असतो. म्हणजे आपला प्रश्न एखाद्या दगडावर आपटून परत आला तरी तो १०३० वरच येणार, आणि तिकडे या यंत्रणेचे लक्षच नाही. आपल्या प्रतिध्वनीला बहिरी राहील अशीच तिची रचना आहे.

ही रचना मुद्दाम अशी का केली? इथून इतिहास सुरू होतो.

वातावरणात सुमारे शंभर किलोमीटर उंचीवर विद्युत्‌भारित कणांचे थर आहेत, त्यांना आपण आयनांबर म्हणतो. रेडिओलहरी त्यांवरून परावर्तित होतात. कलकत्ता विद्यापीठात शिशिरकुमार मित्र यांनी या थरांचा अभ्यास चालवला होता. १९३३ च्या नोव्हेंबरात, सिंह राशीतून येणाऱ्या उल्कावर्षावाच्या काळात, त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना या थरातील आयनीभवन वाढल्याचे आढळले. हे निरीक्षण पुढच्या वर्षी 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाले. उल्का जळताना हवेच्या रेणूंतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि मागे विद्युत्‌भारित हवेची एक लांब रेघ उरते, ही कल्पना त्या सुमारास जपान आणि अमेरिकेतही मांडली जात होती.

याहून मजेदार निरीक्षण १९४१ चे आहे. ऑल इंडिया रेडिओतील चमनलाल आणि वेंकटरामन या दोघांना लघुलहरी केंद्राच्या ध्वनिलहरीत मधूनच एक शीळ ऐकू येई. ती उंच स्वरात सुरू होई आणि घसरत घसरत विरून जाई. यंत्रातला बिघड समजून कोणीही सोडून दिली असती अशी ही गोष्ट! त्यांनी तिचे कारण शोधले. केंद्राची लहर थेट येते, तीच लहर वेगाने धावणाऱ्या उल्केच्या पुढच्या आयनीभूत हवेवरूनही परत येते, आणि उल्केच्या वेगामुळे तिची वारंवारता थोडी बदललेली असते. दोन्ही लहरी एकत्र आल्या की त्यांच्या फरकाचा स्वर ऐकू येतो. आगगाडीच्या शिट्टीवरून आपण शिकवतो तोच हा डॉपलर परिणाम. बंगलोरहून निघणाऱ्या 'इलेक्ट्रोटेक्निक्स' या नियतकालिकात त्यांनी हे लिहिले. पुढे उल्कांच्या रेडिओ अभ्यासाच्या इतिहासात या लेखाचा उल्लेख होत राहिला, आपल्या पाठ्यपुस्तकांत मात्र तो आमच्या पाहण्यात नाही.

मग आले युद्ध. ८ सप्टेंबर १९४४ पासून लंडनवर जर्मनीची व्ही-२ अग्निबाणे पडू लागली. ती फार उंचावरून येत, म्हणून विमानवेधी तोफांसाठी बनवलेल्या रडारांची तोंडे वर वळवण्यात आली. त्यांच्या लहरींची लांबी चार-पाच मीटर होती. पडद्यावर ठिपके उमटू लागले, पण त्यांतले कित्येक ठिपके अग्निबाणांचे नव्हतेच. अग्निबाण न येताही इशारे मिळत. हा घोळ निस्तरण्याचे काम जे. एस. हे या भौतिकीतज्ज्ञाकडे होते. त्यांनी आणि स्ट्यूअर्ट यांनी वेगवेगळ्या ठिकाणच्या रडारांच्या नोंदी ताडून दाखवले, की हे प्रतिध्वनी सुमारे शंभर किलोमीटर उंचीवरून येतात आणि त्यांचा संबंध उल्कांशी आहे. युद्ध संपल्यावर बर्नार्ड लव्हेल यांनी लष्कराचे असेच एक जुने रडार जॉड्रेल बँक येथील शेतात नेऊन ठेवले. मॅनिंग प्रेंटिस नावाचे एक वकील, आकाशाचे हौशी निरीक्षक, खुर्ची टाकून डोळ्यांनी उल्का मोजत आणि लव्हेल पडद्यावरचे ठिपके मोजत. १९४६ च्या ९-१० ऑक्टोबरच्या रात्री जियाकोबिनी धूमकेतूच्या मार्गातील धूळ पृथ्वीवर आली आणि प्रतिध्वनींचा अक्षरशः पाऊस पडला. त्यानंतर शंका उरली नाही. उपद्रव म्हणून जे पुसून टाकायचे होते त्यातून एक शास्त्र उभे राहिले. केरळात थुंबा येथे २००४ पासून असेच उल्का-रडार चालवले गेले. ते ३५.२५ मेगाहर्ट्‌झवर काम करते आणि उल्कांच्या रेघा कशा वाहतात यावरून ऐंशी ते शंभर किलोमीटर उंचीवरचे वारे मोजते.

पण याच युद्धात रडारची दुसरी एक उणीव ठळक झाली होती. ठिपका दिसतो, पण तो कोणाचा? शत्रूचा की आपला? यावर उपाय म्हणून आपल्या विमानांत एक पेटी बसवू लागले. रडारची लहर आली की ती पेटी स्वतःहून खुणेची लहर परत पाठवी. आजच्या ट्रान्सपाँडरचे मूळ हे. कल्याणला लोहमार्गाच्या दोन वाटा फुटतात, एक शहाडवरून कसाऱ्याकडे आणि दुसरी विठ्ठलवाडीवरून कर्जतकडे, तशा येथे रडारच्या दोन वाटा फुटल्या. एक, जे काही समोर असेल त्याचा प्रतिध्वनी ऐकणारे प्राथमिक रडार. दुसरे, प्रश्न विचारून उत्तर ऐकणारे दुय्यम रडार. उल्का पहिल्या वाटेवर राहिल्या. नागरी विमानवाहतूक दुसऱ्या वाटेने गेली.

तिने तसे का जावे याचे गणित फळ्यावर दोन ओळींत मांडता येते. प्रतिध्वनी जाताना पसरतो आणि येतानाही पसरतो, म्हणून त्याची शक्ती अंतराच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात घटते. अंतर दुप्पट झाले तर शक्ती एक सोळांश. उत्तर देणारी पेटी मात्र नव्या दमाची लहर पाठवते, त्यामुळे ते फक्त एकाच बाजूने पसरते. अंतर दुप्पट झाले तर शक्ती एक चतुर्थांश. म्हणूनच विमानात मावेल अशा छोट्या यंत्रावर भागते. शिवाय उत्तरात विमानाची ओळख आणि उंची कळते, ढग, डोंगर आणि पक्षी यांचा गोंधळ आपोआप गाळला जातो. उल्काही त्यातच गाळली जाते, पण तेव्हा त्याबद्दल कोणाला वाईट वाटण्याचे कारण नव्हते.

टक्कर टाळण्याचा विचार याच काळात सुरू झाला. १९५० च्या दशकाच्या मध्याला मॉरेल या अमेरिकी संशोधकाने सांगितले, की दोन विमानांमधले अंतर किती यापेक्षा ते संपायला किती सेकंद उरलीत हे महत्त्वाचे. अंतराला जवळ येण्याच्या वेगाने भागा. उत्तर साधारण चाळीस सेकंदांच्या खाली आले की सावध करा, पंचवीस-तीसच्या आसपास आले की आदेश द्या. टीकॅस आजही हाच भागाकार करते. ३० जून १९५६ रोजी अमेरिकेत ग्रँड कॅन्यनवर दोन प्रवासी विमाने आदळून १२८ माणसे गेली, तरी यंत्र प्रत्यक्षात यायला पुढची तीस वर्षे लागली.

आपल्याकडे हा धडा १२ नोव्हेंबर १९९६ रोजी आला. दिल्लीहून धाहरानला निघालेले सौदी अरेबियाचे बोइंग ७४७ चढत होते, कझाकस्तानचे इल्युशिन-७६ चिमकेंटहून येऊन उतरत होते. जाण्यायेण्याला एकच मार्ग होता. सौदी विमानाला १४,००० फुटांवर आणि कझाक विमानाला १५,००० फुटांवर राहायला सांगितले होते. कझाक विमान त्याखाली आले. हरियाणातल्या चरखी दादरीवर दोघांची टक्कर झाली आणि दोन्ही विमानांतील सर्व ३४९ माणसे मृत्युमुखी पडली. जवळून जाणाऱ्या अमेरिकी हवाईदलाच्या विमानातील वैमानिकाला ढगात नारिंगी उजेड पसरलेला दिसला, इतकीच त्याची साक्ष.

त्या संध्याकाळी दिल्लीच्या नियंत्रकासमोर जे रडार होते ते प्राथमिक होते. दोन्ही ठिपके त्याला दिसत होते, त्यांचे अंतर आणि दिशा कळत होती, उंची कळत नव्हती. ती वैमानिकाने तोंडाने सांगितली तेवढीच. आणि दोन्ही विमानांत टीकॅस नव्हते. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीत मुख्य दोष कझाक चालकदलावर आला, इंग्रजीतील सूचना नीट न समजण्याचाही मुद्दा निघाला. त्यानंतर भारतात येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांना टीकॅस सक्तीचे झाले. आम्हाला वाटते, उल्केचा प्रश्न शिकवताना चरखी दादरी टाळून पुढे जाऊ नये. 'जे दिसते त्यापेक्षा जे उत्तर देते ते बरे' ही निवड किती महाग पडल्यावर पक्की झाली हे मुलांना त्याशिवाय कळत नाही. ही यंत्रणा निर्दोष आहे असेही नाही. १ जुलै २००२ रोजी जर्मनीत युबरलिंगन येथे टीकॅसने एका विमानाला 'चढा' सांगितले, जमिनीवरच्या नियंत्रकाने त्यालाच 'उतरा' सांगितले, वैमानिकाने माणसाचे ऐकले आणि ७१ जण गेले. त्यानंतर अशा वेळी यंत्राचेच ऐकायचे हा नियम निःसंदिग्ध करण्यात आला.

आता कोणी म्हणेल, टीकॅसला १०३० मेगाहर्ट्‌झचा प्रतिध्वनीही ऐकू येईल असे करू या. मग उल्का कळेल का? दोन अडचणी आहेत. त्या लहरीची लांबी सुमारे २९ सेंटिमीटर, आणि उल्केच्या रेघेवरून येणारा प्रतिध्वनी तरंगलांबी कमी होईल तसा झपाट्याने क्षीण होतो. दुसरी अडचण उंचीची. उल्का पेटते ती साधारण ११० ते ८० किलोमीटरच्या पट्ट्यात. प्रवासी विमान दहा-बारा किलोमीटरवर असते. 'उल्का अगदी आमच्या समोरून गेली' असे सांगणाऱ्या वैमानिकाने जे पाहिलेले असते ते कित्येकदा शेकडो किलोमीटर दूर असते. दहा किलोमीटर उंचीवरून पाहिले तर ९० किलोमीटरवर जळणारी उल्का चौदाशे किलोमीटर अंतरापर्यंत क्षितिजावर दिसू शकते. पायथागोरसचा सिद्धांत आणि पृथ्वीची त्रिज्या एवढ्या भांडवलावर दहावीचा विद्यार्थी हे काढू शकेल.

आणि जी उल्का खरोखर विमानाच्या उंचीपर्यंत पोहोचते तिचे काय? तिचे उत्तम उदाहरण आपल्याच राज्यात आहे. २२ मे २०१२ रोजी भर दुपारी नागपूर जिल्ह्यातील काटोल येथे मोठे आवाज झाले आणि गावात व आसपास काळपट सालीचे दगड पडले. ते सामान्य कॉन्ड्राइट प्रकारचे अशनी होते. खरगपूरच्या संशोधकांनी २०२१ मध्ये त्यांत ब्रिजमनाइट हे खनिज सापडल्याचे प्रसिद्ध केले. पृथ्वीच्या पोटात शेकडो किलोमीटर खोल हे खनिज विपुल आहे, पण हाती लागणे दुर्मीळ. अवकाशात कधीतरी झालेल्या टकरीच्या दाबाने ते या दगडात तयार झाले.

असा दगड सेकंदाला बारा-पंधरा किलोमीटर किंवा त्याहूनही अधिक वेगाने वातावरणात शिरतो. पण वीस-तीस किलोमीटर उंचीपर्यंत हवेने त्याचा वेग खाऊन टाकलेला असतो. उजेड विझतो, आयनीभवन थांबते, आणि पुढचा सगळा प्रवास हातातून सुटलेल्या दगडासारखा, ताशी दोनशे-चारशे किलोमीटरने सरळ खाली. म्हणजे विमानाच्या उंचीवरून जाताना तो उल्का उरलेलाच नसतो. तो एक गप्प, काळा दगड असतो. रशियात चेल्याबिन्स्कवर २०१३ मध्ये फुटला तसा प्रचंड गोळा हा अपवाद. तोही सुमारे तीस किलोमीटर उंचीवरच फुटला.

हा गप्प दगड प्राथमिक रडारला मात्र दिसू शकतो. काटोलच्या बरोबर एक महिना आधी, २२ एप्रिल २०१२ रोजी, कॅलिफोर्नियात सटर्स मिल येथे अशनी पडले तेव्हा हवामान खात्याच्या डॉपलर रडारांवर पडणाऱ्या तुकड्यांचे प्रतिध्वनी सापडले, आणि त्या खुणेवर जाऊन लोकांनी दगड गोळा केले. पावसाचे थेंब पाहण्यासाठी बनवलेल्या यंत्राला ते दिसले. विमानाला चुकवून नेण्यासाठी बनवलेल्या यंत्राला दिसले नसते.

मग विमानातल्या माणसांचे रक्षण कोण करते? येथे आम्हाला वर्गात एक हिशेब करून घ्यावासा वाटतो. कॅनडातील कॅमेऱ्यांनी १९७१ ते १९८५ या काळात घेतलेल्या नोंदींवरून, जमिनीपर्यंत किमान १०० ग्रॅम दगड पोहोचेल अशा घटना दर दहा लाख चौरस किलोमीटरला वर्षाला सुमारे ४० होतात. एका वेळी जगात दहा हजार प्रवासी विमाने हवेत आहेत आणि वरून पाहता प्रत्येकाचे क्षेत्रफळ ३५० चौरस मीटर आहे असे धरा. सगळी मिळून साडेतीन चौरस किलोमीटर. गुणाकार केला तर वर्षाला ०.०००१४ आघात येतात. प्रत्येक उल्केचे दहा तुकडे होतात असे मानले तरी साधारण सातशे वर्षांत एक. विमान स्थिर नसून पळते आहे हे धरल्यावर उत्तर किती बदलते, ते विद्यार्थ्यांवर सोडावे.

असाच हिशेब एका चौकशीतही झाला होता. चरखी दादरीच्या चारच महिने आधी, १७ जुलै १९९६ रोजी, न्यूयॉर्कजवळ ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सचे बोइंग ७४७ स्फोट होऊन समुद्रात पडले आणि २३० माणसे गेली. उल्केची शक्यता तपासायला एका विद्यापीठातील तज्ज्ञाला विचारले गेले. अमेरिकेवर उडणाऱ्या विमानाला घातक उल्का लागण्याची घटना ५९,००० ते ७७,००० वर्षांतून एकदा अपेक्षित आहे, असे त्यांनी कळवले. आमचा आकडा आणि हा आकडा यांत एवढे अंतर का, हा चांगला गृहपाठ आहे. (सूचना: कोणते आकाश, आणि केवढा दगड?) स्फोटाचे खरे कारण पुढे पंखांमधल्या इंधनटाकीत सापडले.

हा हिशेब निसर्गातून येणाऱ्या दगडांचा झाला. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भाच्या आकाशात जे जळत गेले ते वेगळे होते. अनेकांनी त्याला उल्का म्हटले. पण ते सावकाश सरकत होते, एकमेकांना समांतर तुकड्यांच्या रांगा करून. उल्का सेकंदाला किमान ११ किलोमीटरने येते आणि बहुधा पापणी लवेपर्यंत संपते. पृथ्वीभोवती फिरणारी वस्तू सात-आठ किलोमीटरच्या वेगाने शिरते आणि तिरकी शिरते, म्हणून ती रेंगाळते. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडले. ते २०२१ मध्ये सुटलेल्या चिनी अग्निबाणाच्या तिसऱ्या टप्प्याचे असावे असे अभ्यासकांनी ताडले. या कड्यातही ट्रान्सपाँडर नव्हता.

अशा वस्तूंची संख्या माणसाच्या हातात आहे, म्हणून येथे सातशे वर्षांचा हिशेब लागू नाही. त्याच वर्षी ४ नोव्हेंबरला दुसऱ्या एका चिनी अग्निबाणाचा मोठा टप्पा खाली येत होता, तेव्हा स्पेनने आपल्या आकाशाचा एक पट्टा सुमारे चाळीस मिनिटे बंद ठेवला आणि विमाने खोळंबली. घाटात दरडीची भीती असेल तर गाडी अलीकडच्या स्थानकावर थांबवतात, तसेच हे.

१६ ऑक्टोबर २०२५ रोजी अमेरिकेत यूटावर ३६,००० फुटांवरून जाणाऱ्या एका प्रवासी विमानाची पुढची काच तडकली आणि वैमानिकाला काचेचे तुकडे लागले. पहिले काही दिवस उल्केची आणि अवकाशातील कचऱ्याची चर्चा झाली. चौकशीत निघाला तो एका खासगी कंपनीचा हवामानाचा फुगा, ट्रान्सपाँडर नसलेला. आपले फुगे ३०,००० ते ४०,००० फुटांच्या पट्ट्यात कमीत कमी वेळ राहतील असा बदल त्या कंपनीने त्यानंतर केला.